बिनपाण्याचं बंदर कसं पाहावं : नवशिक्यांसाठी

जुन्नरला कुणी बंदर म्हटलं की नवशिका लगेच मोबाइलवर नकाशा उघडतो. उघडू द्यावा. नकाशात त्याला जुन्नरच्या आसपास समुद्र सापडणार नाही. मधे सह्याद्री आडवा पडलेला दिसेल आणि त्याच्या पलीकडे कल्याण, सोपारा, चौल. गलबतं तिकडे लागायची हे खरंच. पण गलबतातून उतरलेला माल किनाऱ्यावर बसून काय करणार? तो बैलांच्या पाठीवर बसायचा, नाणेघाट चढायचा आणि वर आला की जुन्नरच्या पेठेत उतरायचा. जकात वर, बाजार वर, सावकार वर, धर्मशाळा वर. बंदराला जे जे लागतं ते सगळं घाटावर होतं, पाणी तेवढं कोकणात राहिलं.

हे मार्गदर्शन पुण्या-मुंबईहून शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी पोचणाऱ्या आणि सोमवारी ऑफिसात ‘जुन्नर झालं’ असं सांगणाऱ्या वाचकांसाठी आहे. जुन्नर होत नसतं. पण दोन दिवसांत ते पूर्णपणे चुकवायचं कसं, याची एक पद्धत गेल्या काही वर्षांत चांगलीच रुळली आहे. २०१८ साली सरकारने तालुक्याला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केल्यापासून तर तिला शिस्तही आली आहे. ती पद्धत आधी नीट शिकून घ्यावी. मोडायची असेल तर मग मोडता येते.

सामान : टोपी, पाणी, पॉवर बँक. हातातला एक टॉर्च घेतला तर लोक हसतील, तरी घ्या. कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा मारला की खाचांत सावली भरते आणि दोन हजार वर्षं गप्प बसलेली ओळ उठून दिसते. एवढं एकच तंत्र या लेखात खरोखर उपयोगाचं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

नाणेघाट

जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर. योग्य वेळ : जुलैतला रविवार, दुपारी बारा. या वेळी इथे आलेली सगळी जनता उलट्या धबधब्याकडे तोंड करून उभी असते. दरीतून वर येणारा वारा पाणी माघारी फेकतो, ते अंगावर घ्यायचं, व्हिडिओ काढायचा, मक्याचं कणीस खायचं. मागे खडकात एक चौकोनी गुहा आहे. तिचा उपयोग पाऊस वाढला तर भेळ खायला होतो.

भेळ संपली आणि पाऊस थांबला नाही, तर मात्र धोका आहे. मागच्या भिंतीकडे नजर जाऊ शकते. तिथे एका राजघराण्याच्या मूर्ती रांगेने कोरलेल्या होत्या. इसवी सनापूर्वीचं काम. डोक्याच्या वर प्रत्येकाचं नाव ब्राह्मी लिपीत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. वर नावं आहेत, खाली काही पावलांच्या खुणा आहेत, मधली माणसं गेली. भारतात राजघराण्याने स्वतःचा सहकुटुंब फोटो काढून घेतल्याची इतकी जुनी उदाहरणं फार नाहीत, आणि फोटोतून डोकी गेली तरी नावं शाबूत राहिल्याचं तर आणखी दुर्मीळ. बाजूच्या भिंतींवर याच नायनिकेचा, म्हणजे राणी नागनिकेचा, लांबलचक लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. अश्वमेध दोनदा केला तेही नोंदवलंय. आणि दिलं किती ते आकड्यांत लिहिलंय, म्हणून अंकलेखनाचा इतिहास शिकवणारे जगभरचे लोक या भिंतीचं नाव घेतात. यज्ञाचं पुण्य कुणाला लागलं माहीत नाही, हिशेब मात्र जगाला लागला.

हा लेख राजवाड्यात नाही, देवळात नाही, तर जकातीच्या वाटेवर, जिथे कोकणातून चढलेला प्रत्येक व्यापारी घाम पुसत थांबणार तिथे कोरून घेतला. बाईंना जाहिरातीची जागा कळत होती. बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकायला होता असं इथलं प्रत्येक पोर सांगतं. त्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकू नयेत. जकात माफ झाली आहे.

खडकावर नाव कोरण्याविषयी

नवशिक्यांना ही कला शिकवावी लागत नाही; किल्ली, खिळा, कंपास जे हातात असेल त्याने ती आपोआप येते. बदामाच्या आकारात दोन नावं आणि मधे बाण. हटकलं की उत्तर ठरलेलं : पूर्वीच्या लोकांनी नाही का लिहिलं?

लिहिलं ना. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी-कोरीवकामं आहेत आणि त्यांत नावंच नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाचं आहे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या कुणा परदेशी माणसाचं. पण त्याने आधी पाण्याची दोन टाकी दिली, मग नाव घातलं. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात मंडप आणि टाकं दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत अडत्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. तेव्हा परंपरा पाळायचीच असेल तर पूर्ण पाळावी : आधी कातळात एक टाकं खोदावं, त्यात उन्हाळ्यात पाणी टिकतं का ते पाहावं, आणि मगच पिंकी-राहुल लिहायला घ्यावं.

लेण्याद्री

पायऱ्या तीनशेच्या घरात. माकडं त्याहून जास्त. इथला गिरिजात्मज अष्टविनायकांपैकी एक, आणि तो बसलाय बौद्ध विहारात. ही बाब कुणाला सांगितली तर काही जण चिडतात आणि काही जण दुसऱ्या बाजूने चिडतात, म्हणून नवशिक्याने दर्शन घेऊन गप्प खाली उतरावं असा रिवाज आहे. जाता जाता एक निरीक्षण करायला हरकत नाही. गाभाऱ्यापुढचा सभामंडप एवढा मोठा असून मधे एकही खांब नाही. डोंगराने तो विनातक्रार तोलून धरलाय.

शेजारीच चैत्यगृह आहे. बरेच भाविक ते ‘बंद असेल’ असं गृहीत धरून पुढे जातात. तिथे खांबांच्या वर हत्ती-सिंह आहेत, आत स्तूप आहे आणि बाहेर देणाऱ्याचं नाव आहे : हेरणिकाचा मुलगा सुलसदत, राहणार कल्याण. आता पुन्हा तो नकाशा उघडा. कल्याणचा माणूस घाट चढून येतो आणि जुन्नरच्या डोंगरात एवढं लेणं देतो, ते उगाच नाही. त्याचा माल याच रस्त्याने जात होता. धंद्याच्या वाटेवर पुण्य करावं, म्हणजे येता-जाता त्यावर लक्षही राहतं.

शिवनेरी

इथे नवशिक्याला काही शिकवण्याची माझी छाती नाही. १९ फेब्रुवारी १६३० हे सगळ्यांना पाठ आहे. सात दरवाजे चढावेत, शिवाई देवीला नमस्कार करावा, जन्मस्थानाच्या इमारतीत चप्पल काढून जावं आणि खाली यावं. गडाच्या कातळातली लेणी साखळीच्या वाटेला आहेत, म्हणून बिनदिक्कत चुकवता येतात.

दोन गोष्टी मात्र भाषणांत कमी येतात. महाराज जिथे जन्मले तो हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६३७ नंतर तो मोगलांकडे होता आणि मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. पण खालचं गाव वेगळं. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री तट ओलांडून जुन्नर मारलं आणि तीन लाख होन, दोनशे घोडे नेले. ज्या गावातून एका रात्रीत तीन लाख होन निघतात ते गाव काय असेल, याचा विचार खाली उतरताना गुडघे दुखत असतात तेव्हा करावा. तेवढाच विरंगुळा.

दुसरी गोष्ट इंग्रज डॉक्टर फ्रायरची. १६७५ मध्ये तो मुंबईहून मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून इथे आला. वर येताना भलत्याच घाटाने चढला आणि अर्धमेला झाला. जाताना नाणेघाटाने उतरला. म्हणजे गूगलच्या नादाने तुमची गाडी एखाद्या ऊसाच्या बांधावर जाऊन उभी राहिली तर लाज वाटून घेऊ नका, रिवाज जुना आहे. (फक्त खाली उतरू नका. उसात बिबट्या असतो. हे विनोदाने लिहिलेलं नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगीच काढलेलं नाही.)

पेठ आणि वाडे

हा भाग कुणी पाहत नाही, म्हणून लांबवतो.

शहरात कल्याण पेठ आहे, शंकरपुरा आहे, सदाबाजार आहे. नवशिके पेठेतून फक्त मासवडी-रस्सा कुठे मिळतो ते विचारत जातात. मासवडी खावी, तिच्याविषयी तक्रार नाही. पण खाऊन झाल्यावर गाडीत न बसता अर्धा तास पायी फिरावं आणि वाडे पाहावेत.

वाडा पाहायला सुरुवात दारापासून नको, विजेच्या मीटरपासून करा. दाराशेजारच्या भिंतीवर पेट्या टांगलेल्या असतात. एकच पेटी असेल तर वाडा एकाच घरात आहे आणि बहुधा शाबूत आहे. तीन असतील तर भावांच्या वाटण्या झाल्या. आत चौकात मधोमध पत्रा उभा असणार आणि तुळशीवृंदावन कुणाच्या बाजूला यावरून दोन जावा बोलत नसणार. सात पेट्या आणि त्यांतल्या पाचांची वायर कापलेली असेल तर वाडा कोर्टात आहे. मीटरच नसेल तर तुम्हाला उशीर झाला. मागे जेसीबी उभा असेल, त्याच्या पलीकडे स्लॅबचं काम.

आता दार. दोन सागवानी फळ्या, त्यांवर लोखंडी फुल्या, आणि एका फळीच्या अंगातच छोटी दिंडी. दिंडीतून वाकूनच जावं लागतं. न वाकणाऱ्याच्या कपाळाला वरची चौकट लागते आणि त्याला वाड्याची उंची कायमची लक्षात राहते. उंबरठा ओलांडलात की मागे वळून दाराची आतली बाजू पाहा. भिंतीत एक चौकोनी भोक दिसेल. त्यात हात घातला तर गुळगुळीत लाकूड लागेल. तो अडसर. चांगला वाशाएवढा असतो, अख्खा भिंतीच्या पोटात राहतो, आणि रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत सारायचा. पेंढारी गेले, दरोडेखोर गेले, अडसर अजून तिथेच आहे आणि बऱ्याच ठिकाणी अजून सरकतो. मुलांना ओढायला द्या, मोबाइल विसरतील. त्याआधी घरमालकाला विचारा.

मग देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी. खाली घडीव दगडाचं जोतं, वर विटा आणि पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत, डोक्यावर कडीपाट. भिंतीत देवळ्या, कोनाडे आणि नशीब असेल तर धान्याचं बळद. दगड पावसाची ओल वर चढू देत नाही, माती उन्हाला आत येऊ देत नाही. वाड्याचा घात बहुतेक वेळा पावसाने होत नाही, प्रेमाने होतो. पगार वाढलेला एखादा मुलगा ‘जरा व्यवस्थित करू’ म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देतो. भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती तुळईच्या टोकाशी जाऊन बसते आणि शंभर पावसाळे काढलेलं सागवान पाच-दहा वर्षांत कुजतं. त्यानंतर लोक म्हणतात, जुनं बांधकाम, टिकणार किती?

आत बोलायचं कसं? ओसरीवर आजी बसलेल्या असतील. पहिला प्रश्न : “कुणाकडचे तुम्ही?” ‘असंच पाहायला आलो’ हे उत्तर देऊ नये. असंच पाहायला येणारे लोक इथे ठाऊक आहेत : ते खांबावर टिचक्या मारतात, ‘लाकूड कुठलं हो आजी’ विचारतात आणि पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन येतात. वाड्याची नक्षीदार चौकट मग कुठल्याशा रिसॉर्टच्या स्वागतकक्षाला लागते आणि आजींच्या दाराला पत्रा. तेव्हा लाकडाचं नाव काढू नका. नातं काढा. आडनाव सांगा, गाव सांगा, मामाचं गाव सांगा. तिसऱ्या गावाला काहीतरी जुळतंच आणि चहा टाकला जातो. चहाला नाही म्हणू नये.

परीक्षा घेतल्याचा राग मानू नये, ती या गावाची पद्धत आहे. तो फ्रायर आला होता ना, त्याला जनान्यातल्या आजारी बाईची नाडी पाहायची होती. पडद्याआडून हात पुढे आला. त्याने नाडी पाहिली आणि ही बाई तर ठणठणीत आहे म्हणाला. खरंच होतं; पडद्यामागच्यांनी आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे केला होता, डॉक्टरला काही कळतं का ते बघायला. पास झाल्यावर खरा हात आला. आजींच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे याच नजरेने पाहा.

चहानंतर भुयार दाखवतील. प्रत्येक वाड्यात भुयार असतं आणि प्रत्येक भुयार शिवनेरीला जातं. ‘आत कुणी गेलंय का’ असं विचारलं की पूर्वी एक शेळी गेली होती असं कळेल. शेळी परत आली नाही. जुन्नरची सगळी भुयारं खरी असती तर शिवनेरीखालचा डोंगर केव्हाच बसला असता, पण हे वाक्य मनात म्हणावं. भोकाशी वाकावं, ‘अरे वा’ म्हणावं आणि ते बहुधा धान्याचं पेव असावं हे कळूनही बोलू नये. चहा घेतलाय.

परदेशी पाहुण्यांचा पूर्वानुभव

नवशिक्यांत सर्वांत जास्त हाल झाले ते अफानासी निकितीनचे. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७०च्या आसपास चौल बंदरात उतरला, सोबत विकायला एक उमदा घोडा. घोडे तेव्हा समुद्रातून यायचे आणि त्यांना चांगला भाव होता. पावसाळा काढायला जुन्नरला आला आणि इथल्या पावसाविषयी लिहिलं : चार महिने, दिवसरात्र, सगळीकडे चिखल. जून ते सप्टेंबर इथे येणाऱ्याला त्याच्या वर्णनात आजही दुरुस्ती सापडणार नाही. इथल्या असद खानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली : धर्म बदल, घोडा परत आणि वर हजार मोहरा. चार दिवसांची मुदत. शेवटी खुरासानच्या एका खोजाने मध्यस्थी केली आणि घोडाही सुटला, निकितीनही. तेव्हा पार्किंगवाल्याने पन्नास रुपये जास्त घेतले म्हणून जुन्नरला एक तारा देणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा.

राजधान्यांचंही असंच. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा डाव इथूनच मांडला आणि थोड्याच वर्षांत अहमदनगरला बिऱ्हाड हलवलं. १६०७ मध्ये मलिक अंबरने राजधानी इथे आणली, तीही पुढे दौलताबादला गेली. राजे मुक्कामाला यायचे, व्यापारी राहायचे. म्हणून शहराबाहेरच्या सगळ्यात दिमाखदार घुमटाला नाव कुणा सुलतानाचं नाही, ‘सौदागर गुंबज’ म्हणतात. हापूसबागेकडे हबशी महालही आहे. दोन्हीकडे प्री-वेडिंगचे कॅमेरे नसतील अशा वेळी जावं. म्हणजे लग्नसराई सोडून.

आंबेगाव

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव पाहायचं असेल तर होडी किंवा मे महिना लागतो. मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, बाजारपेठ मंचरला, आणि आंबेगाव पाण्यात. नवशिक्याला हे पटत नाही. तो मोबाइल हलवून पाहतो. घोड नदीचं पाणी पुढे कालव्यांनी गेलं आणि खालच्या गावांत ऊस झाला. वाडे गेले ते कुणाच्या हट्टाने नव्हे, हिशेबाने गेले, आणि त्या हिशेबात ज्यांची घरं होती त्यांच्या वाट्याला ऊस फारसा आला नाही. पाणी उतरलं की जुन्या बांधकामाचे अवशेष वर येतात, त्यांच्यावर चढून सेल्फी काढू नये. तिथे उभी असलेली शेजारची बाई त्यातलं एखादं जोतं आपल्या माहेरचं म्हणून दाखवत असेल.

मंचरची दगडी बारव वाटेतच आहे, शिलालेखासकट. दहा मिनिटं पुरतात. अर्धा तास द्या.

मग डिंभ्यावरून भीमाशंकर. शिखराचं काम नाना फडणविसांच्या नावावर आहे, पण आपल्या कामाची वस्तू खाली आहे, शनीच्या देवळासमोर. दोन खांबांमध्ये टांगलेली मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतली ही एक. म्हणजे इथेही बंदरावरचा माल घाट चढून आलाच, या वेळी जकात न भरता. वाजवण्याआधी जरा बाजूने पाहा, टॉर्च असेल तर तिरपा मारा. घंटेवर ख्रिस्ती चिन्हं आहेत. एवढ्यात मागून आवाज येईल, “ओ भाऊ, वाजवायची असेल तर वाजवा, नाहीतर व्हा पुढं, रांग थांबलीये.” वाजवा आणि व्हा पुढं.